दहावा रॉड

(रात्र. मोसंबीच्या बागेत बोअरची गाडी. कॉम्प्रेसरचा आवाज.)

रात्रीचे अकरा वाजलेत. कॉम्प्रेसरच्या घरघरीत शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. भोकातून पांढरा फुफाटा उडतोय, मोसंबीच्या सुकलेल्या पानांवर बसतोय. शेतकरी वाकून तो चिमटीत घेतो, चोळून पाहतो. ओल नाही.

एक रॉड वीस फुटांचा. नववा आत गेला, आता दहावा चढवलाय. म्हणजे दोनशे फूट, साधारण 60 मीटर. इथून पुढे खाली गेलं की कायदा अशा बोअरला 'खोल विहीर' म्हणतो.

ही रेघ 60 मीटरला का ओढली, ते खडकाला विचारावं. महाराष्ट्राची चार-पंचमांशाहून जास्त जमीन काळ्या बेसाल्टवर उभी आहे. वरचा मुरूम आणि झिजलेला खडक पावसाचं पाणी पितो. आपल्या आड-विहिरी त्याच्यावर चालतात, एका चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरतात. त्याखालचा पाषाण घट्ट. पाणी असलंच तर चिरांमध्ये, आणि तिथवर मुरायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. पणज्याने पुरून ठेवलेला हंडाच तो. एकदा उपसला की नातवाच्या हयातीत भरेल याची खात्री नाही.

पण हा हंडा कोणाचा? 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून (दुसऱ्याच्या जमिनीतली वाट, पाणी वापरण्याच्या हक्कांचा कायदा) एक समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे : जमीन माझी, तर खालचं पाणीही माझं. सातबारा वरच्या मातीचा असतो. खालच्या पाण्याला बांध कळत नाही. माझ्या बोअरने ओढलेलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतूनही येतं.

(दिवस. गावची पिण्याच्या पाण्याची विहीर. तळाशी हातभर पाणी.)

बोअरच्या गाडीपासून या विहिरीपर्यंत आम्ही चालत आलो. पावलं भरली तीनशे ऐंशी. 1993 च्या कायद्याने सांगितलं होतं की सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही. पुढे 2009 चा भूजल अधिनियम आला, जून 2014 पासून लागू झाला. राज्याच्या पातळीवर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, गावाकडे पाणलोटाची समिती, बोअरच्या गाड्यांना नोंदणी, अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या क्षेत्रात शेतीसाठी आणि उद्योगासाठी खोल विहिरींना बंदी. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण यंत्रणा तर राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. कायदा चांगला आहे, हे मनापासून सांगतो. पण बोअर रात्री लागतो आणि कचेरी सकाळी उघडते. रॉड मोजायला तिथं गावाचंच माणूस हवं.

(हिवरे बाजार. गावसभा.)

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे काम स्वतःकडे घेतलं. पोपटराव पवार सरपंच असताना गावसभेने ठरवलं, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस नाही, केळी नाही. दरवर्षी पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडला जातो आणि मग रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिकं बाजूला ठेवायची. पोलीस नाही, पथक नाही. ज्याने हात वर केला, त्याचं शेत शेजारीच आहे, एवढा धाक पुरतो.

(पुन्हा रात्र. मोसंबीची बाग.)

या शेतकऱ्याला दोष देऊन काय करायचं? आठ वर्षं पोसलेली बाग डोळ्यांदेखत वाळतेय, आणि "थांब, आधी सगळे मिळून बसू" असं म्हणायला कोणी आलं नाही.

दहावा रॉड आत गेला. फुफाटा अजून पांढराच. ऑपरेटर कॉम्प्रेसर बंद करून त्याच्याकडे बघतो. तो बागेकडे बघतो, आणि हाताने खूण करतो : आणखी एक.