फडताळातल्या डायऱ्या

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या भिंतीवर पेन्सिलची एक रेघ आहे. २००५ चा पूर तिथवर आला होता. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर घरातलं जे जे जपायचं, ते त्या रेघेच्या वर गेलं. माझ्या डायऱ्याही गेल्या, फडताळाच्या वरच्या खणात, रेघेपासून चांगल्या दोन हात वर. मग २०१९ चा ऑगस्ट आला आणि पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आम्ही टीव्ही माडीवर नेला, गहू नेले, मिक्सरसुद्धा नेला. डायऱ्यांकडे कुणी बघितलं नाही, कारण त्या आधीच ‘वर’ होत्या ना!

पूर ओसरल्यावर बघतो तर फडताळाचं दार फुगून घट्ट बसलेलं. पहारीनं उघडलं. सांगलीकरांना तो गाळाचा वास सांगायला नको. पानं चिकटून डायऱ्यांच्या विटा झाल्या होत्या. पानापानात रद्दी घालून पंख्याखाली उभ्या केल्या. आठवडाभरानं कळलं की शाईपेननं, हौसेनं, वळणदार अक्षरात लिहिलेली सगळी वर्षं निळं पाणी होऊन गेलीत. आणि विलिंग्डन कॉलेजला असताना बॉलपेननं खरडलेलं जसंच्या तसं! शाईपेनची शाई पाण्यातली, बॉलपेनची तेलातली. अक्षराच्या वळणाला इथं कोण विचारतो.

जे उरलं ते वाचायला बसलो. या डायऱ्या बहुतेक भेट आलेल्या, कुणा दुकानदाराच्या, विमा एजंटाच्या. रोजच्याला एक पान आणि रविवारला अर्धं, त्यामुळे माझे सगळे रविवार अर्ध्या पानाचे. एका पानावर एवढंच होतं: ‘अखेर ते बोललो. हलकं वाटलं.’

काय बोललो? कुणाशी? आजतागायत आठवलेलं नाही. लिहिताना वाटलं असणार, हे काय विसरायचं आहे! दुसरं कुणी वाचणार नव्हतं, म्हणून काही उलगडून लिहिलं नाही. आणि आता मीच तो दुसरा कुणीतरी झालोय.

भाचीनं ब्लॉग काढून दिला तो त्याच दिवाळीत. ब्लॉग हा शब्द ‘वेबलॉग’चा तुकडा. वेबलॉग हे नाव १९९७ चं, आणि त्यातला ‘लॉग’ म्हणजे जहाजावरची नोंदवही. पुरातून वर आलेल्या माणसाला ते नाव बरंच वाटलं. टंकनाची धास्ती होती. पूर्वी ऑफिसात मराठी फॉन्टमध्ये केलेलं पत्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती अगम्य चिन्हं दिसायची. आता युनिकोडमुळे मोबाइलवर लिहिलेलं कुठंही मराठीच दिसतं.

पहिला लेख वडिलांबद्दल लिहिला. संध्याकाळी ताईचा फोन. “अरे, ते उधारीचं कशाला लिहिलंस? काका वाचतील की!” काढून टाकलं. डायरीत असं कधी झालं नव्हतं. पण त्याच लेखात वडील दुकानातून किती वाजता यायचे, सायकल कुठं टेकवायचे, हे सगळं लिहावं लागलं, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. डायरीत एवढंच असतं: ‘बाबा उशिरा आले.’ म्हणजे बघा, वाचणारा समोर बसला की थोडं लपवलं जातं; पण जे लिहितो ते निदान मला दहा वर्षांनी कळेल असं असतं. मला हा सौदा पटलाय. ताईला अजून नाही.

ब्लॉग बुडत नाही, असं भाची म्हणाली होती. तसं काही नसतं. इंटरनेटवर जिओसिटीज नावाच्या जागी लाखो लोकांनी आपापली पानं मांडली होती. याहू कंपनीनं २००९ मध्ये ती सेवा बंद केली. म्हणून दर महिन्याला ब्लॉगची प्रत उतरवून पेनड्राइव्हवर घेतो. पेनड्राइव्ह माडीवर असतो, हे सांगायला नकोच.

आणि डायरी? आहे की, एकच. फक्त रविवारची अर्धी पानं भरतो, बॉलपेननं. परवाच्या पानावर लिहिलंय: ‘रेडिओवर बोलायचंय. ते सांगावं का?’

ते काय, हे या वेळी मला ठाऊक आहे. पण काका रेडिओही ऐकतात.

नमस्कार.