कोरे राहिलेले पाच खण

(दृश्य : अंगणवाडीच्या दारात टांगलेला काटा. झोळीत हातपाय झाडणारी मुलगी.)

बीड जिल्हा. बालाघाटाच्या रांगेतलं एक गाव. आज वजनाचा दिवस. "लेकराला तोलू नाही, नजर लागती," म्हणणारी आजीच नातीला घेऊन आली आहे, गालाला काजळाची तीट लावून.

सेविकाताईंनी आधी रिकामी झोळी टांगून काटा शून्यावर आणला. पोरीचं झबलं उतरवलं. झोका थांबेपर्यंत त्या थांबल्या. सात किलो तीनशे. वय नऊ महिने पूर्ण.

हे वय ठरवतानाच मागे घोळ झाला होता. आजीचा हिशेब पोळ्यापासूनचा, कार्डावरची तारीख वेगळी. वाढीच्या तक्त्यावर वयापुढं वजनाचं टिंब काढतात. ते एक महिना इकडेतिकडे पडलं तर सगळा तक्ताच खोटं बोलतो.

मागच्या आठवड्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरगी पंधराव्या पर्सेंटाइलवर आहे. आजीनं ते घरी आणलं ते असं : "शंभरातले पंधराच! पस्तीसला पास असतंय ना? मंग नापासच झालं की लेकरू."

पण हे मार्क नाहीत. शाळेत प्रार्थनेला उंचीनं उभं करतात, तशा नऊ महिन्यांच्या शंभर निरोगी मुली वजनानं ओळीत उभ्या करा. सगळ्यात हलकी पुढं. आपली पोरगी साधारण पंधरावी. ओळीत कुणीतरी पंधरावं असणारच. सगळ्याच पन्नासाव्या कशा असतील?

(दृश्य : गुलाबी तक्ता. सेविकाताईंचं बोट टिंबांवरून सरकतं.)

जन्माला दोन किलो आठशे. तिसऱ्या महिन्यात पाच किलो शंभर. सहाव्यात सहा किलो चारशे. आज सात किलो तीनशे. चारही टिंबं जोडली की एकच शांत चढती रेघ दिसते. आई अंगानं बारीक, बापही तसाच. पोरगी आपल्या वाटेनं चालली आहे.

हा तक्ता कुठून आला, हेही सांगायला हवं, कारण "परदेशी मापं आपल्या लेकरांना कशाला?" असं गावात हमखास विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा देशांतल्या मुलांची वाढ मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. आईचं दूध मिळालेली, बऱ्या परिस्थितीतली. पोट भरलं, आजारपण टळलं, तर पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची लेकरं जवळजवळ सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. २००६ साली हे तक्ते आले. अंगणवाडीच्या तक्त्यावर पर्सेंटाइल लिहिलेले नसतात, रंगाचे पट्टे असतात. हिरवा जिथं संपून पिवळा लागतो, तिथं ओळीतली पहिली दोन-तीन लेकरं उभी असतात.

(दृश्य : निळा तक्ता. दोन टिंबं, मधे मोठी मोकळी जागा.)

आता हा मुलगा. सहाव्या महिन्यात सात किलो नऊशे. बरोबर मधल्या रेषेवर, चांगलं बाळसं धरलेला. त्याच आठवड्यात मुकादमाची गाडी आली आणि आईबापाच्या कोयत्याबरोबर तोही ऊसतोडीला गेला. कोपीत राहणं, पहाटे फडात, पाचटावर अंथरलेल्या लुगड्यावर झोप. वरचं खाणं सुरू करायचे हेच महिने. मिळालं ते भाताचं पाणी आणि बिस्किट. दोनदा जुलाब.

परत आला तेव्हा वर्ष पूर्ण झालं होतं. वजन सात किलो आठशे. सहा महिन्यांत वाढ तर नाहीच, उलट शंभर ग्रॅम घट.

आणि रंग? हिरवाच. पिवळ्याच्या अगदी काठावर, पण हिरवा. नुसता रंग बघणारा माणूस वहीत 'साधारण' लिहून मोकळा होईल. आमच्या मते या दोघांत काळजीचं लेकरू हेच आहे. आजीनं नापास केलेली पोरगी नव्हे.

प्रत्येक उतार घाबरण्यासारखा नसतो, हेही खरं. जन्मतः थोराड असलेलं बाळ पुढं थोडं खाली येऊन स्थिरावतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्याचं वय डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेल्या तारखेपासून धरावं लागतं. पण मधल्या रेषेवरून थेट काठाला येणं त्यात बसत नाही.

सेविकाताईंनी दंडाला पट्टी लावली. साडेबारा सेंटिमीटरच्या वर, म्हणजे हिरवं. साडेअकराच्या खाली गेलं असतं तर लगेच दवाखाना गाठावा लागला असता. मग त्या आईला वाटी दाखवून बोलल्या : वरणभात घट्ट कालवायचा, चमचा कलता केला तरी ओघळला नाही पाहिजे. वरून चमचाभर तेल, शेंगदाण्याचं बारीक कूट. दिवसातून तीन-चारदा, आणि अंगावरचं दूध चालूच.

(दृश्य : महिन्यानंतर. तोच काटा.)

आठ किलो तीनशे. ताईंनी निळ्या तक्त्यावर टिंब काढलं, आधीच्या टिंबाला जोडलं. सातव्या ते अकराव्या महिन्याचे पाच खण मात्र कोरेच आहेत. आई कार्ड घडी करून पत्र्याच्या पेटीत आधारकार्डाशेजारी ठेवते. दसऱ्यानंतर पेटी पुन्हा गाडीत चढणार आहे. तिथल्या अंगणवाडीत हे कार्ड दाखवलं तर चालतं का, एवढंच ती विचारते.

"चालतं," ताई म्हणतात. "पण दाखव बाई."