जोडवी रुतली होती

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक घर. सोप्यात तिसऱ्या महिन्यातली सून बसली आहे, पहिलटकरीण. आशाताईंच्या मांडीवर गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी तायी कार्ड. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, पण आपल्या कानांना ते ‘ताई कार्ड’च ऐकू येतं.

“तुझ्या आईला, बहिणीला दिवस असताना बीपी वाढलं होतं काय?”

सून मान हलवते. नाही.

बऱ्याचदा चौकशी इथंच, माहेरापाशी थांबते. आज आशाताई सासूकडं वळतात. “मावशी, तुम्हाला?”

“तेव्हा बीपी बघत होतं कोण? पण याच्या वेळी,” दाराशी उभ्या मुलाकडं बोट जातं, “पाय असे सुजले, जोडवी रुतली. साबण लावून काढली. डोकं फुटायचं, डोळ्यांपुढं काजवे. आठव्यातच झाला हा.”

सासूचं हे दुखणं सुनेच्या कार्डावर कशाला? वारेमुळं. वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा. ती बाळाच्या बाजूची, म्हणजे तिच्यात निम्मा वाटा बापाचा. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. ते नीट जमलं नाही की वारेला रक्त कमी पडतं आणि ती काही प्रथिनं आईच्या रक्तात जास्त सोडू लागते. त्यातलं एक एफएलटी-वन या जनुकावरून बनतं. त्यानं आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. मग 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 च्या वर जातं, लघवीत प्रथिन उतरतं. डॉक्टर याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. वेळेत आवरलं नाही तर झटके. पूर्वी त्या झटक्यांना बाहेरची बाधा म्हणायचे आणि अंगारा लावायचे.

2017 मध्ये संशोधकांना याच जनुकाजवळ धोका वाढवणारे बदल सापडले. सापडले ते बाळांच्या डीएनएत. हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. ज्या बाळात ते गुणसूत्र एक जास्त असतं, त्याच्या आईला हा त्रास अधिक होतो. त्याआधी, 2001 मध्ये, अमेरिकेतल्या युटामधून कळलं होतं की अशा बाळंतपणातून जन्मलेल्या मुलग्यांच्या बायकांनाही धोका जास्त. म्हणजे जोडवी सासूची रुतली, आणि जपायचं सुनेला.

अर्थात हे एका जनुकाचं काम नाही. आईची स्वतःची जनुकं, वजन, साखर, आधीचं बीपी, सगळंच मोजावं लागतं. सासूला झालं म्हणून सुनेला होणारच, असंही नाही. जनुकांची तपासणी गावोगाव होत नाही. विचारणं मात्र फुकट आहे.

आणि विचारायची वेळ हीच. धोका असेल तर हा त्रास टाळायला कमी मात्रेची ॲस्पिरिन डॉक्टर साधारण बाराव्या आठवड्यापासून सुरू करतात, मनानं घ्यायची नाही. पहिलटकरणींवरच्या सहा देशांतल्या मोठ्या चाचणीत बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजही होतं. 2020 मध्ये निकाल आला: ही गोळी घेणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली.

आशाताई डॉक्टरांची तारीख लिहून पेनाला टोपण लावतात.

“थांब गं,” सासूबाई म्हणतात, “माझ्या धाकट्या बहिणीलापण असंच झालं होतं.”

टोपण परत निघतं.