समुद्रात वाया जाणारं पाणी

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘धबधबा चढणारा मासा’. त्या माशाकडे मी येतोच. पण आधी एका वाक्याचा हिशेब करायचाय. पुण्यात पाण्यावर बोलायला चार माणसं जमली, की पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, ‘कोकणातलं पाणी समुद्रात वाया जातं.’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. का येतो, ते सांगतो.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. घराखालून पऱ्या जातो, पुढे खाडीला मिळतो. मृगाचे दोन-चार पाऊस झाले, पऱ्याला गढूळ लोंढा आला, की मामा रात्री उठवायचा, ‘चल, चढणीचे मासे लागले.’ सभागृहात कोकणातले कितीजण आहेत? हं, हात बघा किती वर गेले! मग तुम्हाला तो वास, ती बॅटरी, ते ओलं इरलं काही समजावून सांगायला नको. खालच्या डोहातले मासे अंडी घालायला उलट्या धारेनं वर, भाताच्या खाचरांत जायचे. आजी सगळे पकडू द्यायची नाही. टोपली निम्मी झाली की ‘पुरे’ म्हणायची, आणि तिथे विषय संपायचा.

मी नववीत असताना पऱ्यावर सिमेंटचा बंधारा आला. कुणी बांधला, ते सोडून द्या. हेतू चांगलाच होता, गावाला पाणी हवंच होतं. उंची कमरेएवढी. पुढच्या मृगात आम्ही गेलो, तर मासे भिंतीवर उड्या घेत होते आणि खालच्या कोरड्या सिमेंटवर आपटत होते. सबंध रात्र तो थडथड आवाज. गावातल्या पोरांनी पाट्या भरभरून नेल्या, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत चढण थांबली. आजी बंधाऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, ‘अरे, त्यांना वाट ठेवायची राहिली.’ एवढंच. एका फळीएवढी वाट कुणाच्या नकाशात नव्हती.

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. येतो, माशाकडे येतो.)

तर हवाई बेटं. तिथल्या ओढ्यांत नोपिली नावाचा मासा आहे, शास्त्रीय नाव सिकिओप्टेरस स्टिम्प्सोनी. गोबी गटातला. आपल्या खाडीच्या चिखलात टुणटुण उडणारी निवटी आहे ना, तिचा हा भाऊबंद. पोटाखालचे दोन पर जुळून त्याची वाटीसारखी चकती झालीये. तिनं तो दगडाला चिकटतो. ‘पिली’ म्हणजे चिकटणं. म्हणून तिथली जुनी माणसं घरभरणीला हा मासा ठेवत, की भाग्य घराला चिकटून राहावं. मला हे फार आवडतं.

नोपिली अंडी घालतो ओढ्यात, दगडाखाली. पिल्लं बाहेर पडतात ती अगदी सूक्ष्म, आणि धारेबरोबर थेट समुद्रात. थोड्या दिवसांत खारं पाणी मिळालं नाही तर मरतात. समुद्रात कित्येक महिने वाढून, पेराएवढी झाली की ती पुन्हा एखाद्या ओढ्याच्या मुखाशी येतात. गोड्या पाण्यात शिरल्यावर दोनेक दिवसांत त्यांचं तोंड पुढून खाली सरकतं, शेवाळ खरवडायला. आणि मग चढाई! तोंड चिकटवायचं, अंग ओढायचं, पोटाची चकती चिकटवायची, तोंड पुढे. तिथलाच दुसरा एक गोबी, लेंटिपेस कॉनकलर, अकाका धबधब्याच्या डोक्यावर सापडतो. तो धबधबा सुमारे 135 मीटर आहे. पर्वतीच्या पायऱ्या चढताना धाप लागते त्या प्रत्येकानं हे आठवावं: ही चढाई पर्वतीहून मोठी, आणि चढणारं पोर बोटाच्या पेराएवढं.

पाच मिनिटं. मुद्दा पटकन सांगतो. बेटावरचा ओढा भरवशाचा नसतो. तो आटतो, वादळानं खरवडला जातो, ज्वालामुखीनं पुरला जातो. समुद्रात असलेली पिल्लं ही त्या जातीची शिल्लक. आईच्याच ओढ्यात परतायचं असं बंधन नसल्यामुळे मेलेल्या ओढ्यात दुसरीकडची पोरं येऊन वस्ती करतात. पण त्यासाठी पाणी समुद्राला मिळालं पाहिजे. ओआहू बेटावर उसासाठी वायाहोले कालव्यानं ओढ्यांचं पाणी डोंगरापलीकडे नेलं होतं. ऊस संपल्यावर वाद न्यायालयात गेला, आणि 2000 साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं ओढ्यात राहणारं पाणी हाही सार्वजनिक हक्काचा वापर मानला. वाया गेलेलं पाणी नव्हे!

आणि हे दूरचं समजू नका. आपल्याच पश्चिम घाटात, कर्नाटक-केरळच्या पश्चिमवाहिनी नद्यांत सिकिओप्टेरस ग्रिसियस आहे, नोपिलीच्याच प्रजातीगटातला.

बंधारे बांधूच नका, असं मी म्हणत नाही. नोपिलीसारख्या चिकटून चढणाऱ्या माशांना उभी भिंतही चालते. चालत नाही ती कोरडी भिंत आणि पुढे आलेली ओठासारखी कड. भिंतीचा एक भाग खडबडीत आणि उतरता ठेवा, त्यावरून बोटभर पाण्याचा पापुद्रा वाहू द्या. आजोळच्या बंधाऱ्यासाठी असा उतार काढून मी ग्रामपंचायतीला दिलाय. सभागृहात स्थापत्य अभियंते असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर दोन मिनिटं थांबावं. कागद बरोबर आणलाय, आणि उताराचा कोन मला तपासून हवाय.