रिकामी राहिलेली चौकट

फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या पूर्वेला सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार मिशेल द माँतेन याचा गोल मनोरा अजून उभा आहे. खाली प्रार्थनाघर, त्यावर निजायची खोली, सगळ्यात वर ग्रंथालय. मान वर करा. छताच्या तुळयांवर ग्रीक आणि लॅटिन वचनं रंगवलेली दिसतील. न्यायालयातलं पद सोडून माँतेन 1571 साली, अडतीस वर्षांचा झाला तेव्हा, इथे येऊन लिहायला बसला.

त्याला लहानपणी घरात फक्त लॅटिन ऐकू येई. वडिलांचा तसा हुकूमच होता. आई आणि नोकरचाकरही त्याच्याशी तोडकंमोडकं लॅटिन बोलत. तरी मोठेपणी हाच माणूस लिहितो की मास्तर मुलांच्या कानात नरसाळ्यातून ओतल्यासारखे ओरडत राहतात. आधी पोराला पुढे चालू द्यावं, त्याची चाल बघावी.

मोठेपणाबद्दलही त्याचं मत असंच वेगळं. सिकंदराच्या जागी सॉक्रेटिस असता तर, ही कल्पना त्याला सहज करता येई. सॉक्रेटिसाच्या जागी सिकंदर मात्र काही केल्या बसेना.

पण या मनोऱ्यात खरा वावर आहे तो एका मित्राचा.

एत्येन द ला बोएती 1563 साली वारला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. मैत्री चारेक वर्षांची. माँतेन सांगतो, माझ्याकडे एक चित्रकार काम करत होता. भिंतीच्या मधोमध तो मन लावून मुख्य चित्र काढी, भोवती चित्रविचित्र नक्षी भरी. माझं लेखन म्हणजे नुसती ती नक्षी. मधल्या जागी मित्राचा, जुलमी सत्तेविरुद्धचा लेख ठेवायचं त्याने ठरवलं होतं. पण राजसत्तेविरुद्ध उठलेल्यांनी तो लेख आधीच छापून टाकला, तेव्हा माँतेनने त्याऐवजी मित्राची 29 सुनीतं घातली. पुढे तीही स्वतःच खोडली. मधली जागा रिकामीच राहिली.

त्याच्या निबंधांच्या 1588 च्या आवृत्तीची, त्याच्या स्वतःच्या वापरातली प्रत बोर्दोच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. मैत्रीच्या पानावर छापलंय: माझं त्याच्यावर प्रेम का होतं, हे मला सांगता येणार नाही. शेजारी, समासात, त्याच्या हातचं अक्षर आहे: "कारण तो, तो होता."

आणि त्यालाच जोडून, वेगळ्या शाईत, म्हणजे पुन्हा कधीतरी त्याच पानाशी येऊन लिहिलेलं: "कारण मी, मी होतो."