सराव पाठात फळ्यापाशी काय अडतं

श्रोतेहो, नमस्कार.

१९९० ते १९९९ या काळात माजी सोव्हिएत संघातून ८ लाखांहून अधिक माणसं इस्रायलमध्ये राहायला गेली. त्यांतल्या काही तरुणांनी तिथे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेतलं. पण शिक्षक कसा असतो, हे त्यांच्या मनात शाळेच्या बाकावरच ठरून गेलं होतं. बाई आल्या की उभं राहायचं, वडिलांच्या नावासकट हाक मारायची, ५पैकी मिळालेल्या गुणांवर घरून सही आणायची. इस्रायलमध्ये मुलं बाईंना नुसत्या नावाने हाक मारतात आणि उदाहरण अर्ध्यावर असतानाच हुज्जत घालतात.

सराव पाठात, म्हणजे प्रशिक्षणात खऱ्या वर्गावर घेतलेल्या तासात, गाडी अडते ती बहुधा फळ्यापाशी. मुलाला बोलावलं, उत्तर चुकलं, छात्रशिक्षिका म्हणते, “चूक. बस.” तिच्या लेखी चूक नेमकी दाखवणं हीच माया. मुलगा मात्र हिरमुसतो, वर्गात गलका होतो. ती म्हणते, मुलांना शिस्त नाही. मागे बसलेली मार्गदर्शक शिक्षिका वहीत लिहिते, ‘मुलांशी नातं नाही’. हा शेरा निरुपयोगी आहे, कारण त्यावरून उद्याच्या तासाला काय करायचं ते कळत नाही.

त्याऐवजी एक तास तिला मागे बसवा. मुलांनी मध्येच तोडलेलं प्रत्येक वाक्य दोन रकान्यांत लिहायला सांगा: विषयाबद्दलचं एकीकडे, खोडीचं दुसरीकडे. आगाऊपणा वाटलेली किती वाक्यं खरं तर गणिताबद्दलची होती, ते कागदावरच दिसतं. पुढच्या पाठात चुकीच्या उत्तरावर आधी ‘हे कसं आलं?’ विचारायचं, दुरुस्ती त्यानंतर.

भाषेचीही अडचण असते. हिब्रूत आकड्यांची रूपं नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. रशियनमध्ये हा भेद एक-दोनपाशीच जवळजवळ संपतो. मुलं बाईंचं व्याकरण सुधारत बसतात आणि भूमिती राहते बाजूला. म्हणून पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, सूचनांची पाच-सहा वाक्यं पूर्ण लिहावीत, आकडे अक्षरी.

मात्र जुनं सगळं टाकायला लावू नये. अवघड उदाहरणं आणि तोंडी सिद्धता ही या परंपरेची ताकद. तेल अवीवच्या शेवाह-मोफेत शाळेचं नाव स्थलांतरित शिक्षकांच्या अशाच गणित-भौतिकीच्या अध्यापनामुळे झालं.

इथिओपियातून आलेल्या कुटुंबांतल्या छात्रशिक्षकांचं कोडं उलटं. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं, कमी बोलणं हा त्यांच्या घरचा आदर. चर्चेत ते गप्प राहिले की ‘तयारी नाही’ असा शेरा पडतो. त्यांना प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्यावेत आणि पाठावरचं बोलणं चारचौघांत न करता एकट्याशी करावं.