स्टाफरूम ते विधान परिषद: नागपूरचा शिक्षक आमदार

आपल्या नागपुरात डिसेंबरात अधिवेशन लागलं की यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलीस अडवतात आणि त्या गर्दीत दरवर्षी हमखास कोण असतं तर शिक्षक. विनाअनुदानितवाले (शाळेला सरकारी अनुदान नाही), अंशतः अनुदानितवाले (अनुदान थोडंच), जुनी पेन्शनवाले (शेवटच्या पगारावर ठरणारी खात्रीची पेन्शन मागणारे). आता गंमत अशी की यांचाच एक माणूस पलीकडे विधान भवनाच्या आत बसलेला असतो. नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाचा आमदार. तो तिथपर्यंत पोचतो कसा, ते बघू.

विधान परिषदेत ७८ जागा, त्यातल्या शिक्षकांच्या फक्त ७. आपल्या जागेत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे सहा जिल्हे. म्हणजे इकडे सीताबर्डीत प्रचार आणि तिकडे गडचिरोलीच्या टोकाला सिरोंच्यातल्या शाळेतही जायचं, कारण तिथल्या सरांचंही मत तेवढंच मोलाचं.

मत कोणाला? गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्याच्या वर शिकवलेलं पाहिजे. झेडपीच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना मत नाही, आयुष्यभर पहिलीची पोरं घडवली तरी नाही. आणि उमेदवार मात्र शिक्षक असलाच पाहिजे असंही नाही! हे मला आजपर्यंत पटलेलं नाही, पण कायदा तसा आहे.

बरं, शिक्षक आमदाराचं करिअर भाषणातून सुरू होत नाही, फाइलीतून सुरू होतं. समजा एखाद्या मॅडमच्या नेमणुकीची मान्यता शिक्षणाधिकाऱ्यांकडे अडकली, शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाइन पगार यंत्रणेतला नंबर) आला नाही म्हणून पगार निघत नाही, कोणाचं मेडिकल बिल पडून आहे, कोणाची वरिष्ठ वेतनश्रेणी राहिली, तर मॅडम फोन कोणाला लावणार, संघटनेच्या माणसाला. तो माणूस शाळा सुटली की बॅग घेऊन वेतन पथकाच्या, म्हणजे शिक्षकांचे पगार काढणाऱ्या ऑफिसात जाऊन बसतो, बाबूला नावानिशी ओळखतो, कोणता जीआर कोणत्या तारखेचा ते तोंडपाठ. अशी वर्षानुवर्षं कामं केली की मग सहा जिल्ह्यांतल्या स्टाफरूममध्ये नाव होतं, आणि ते नाव म्हणजेच व्होट बँक.

सुधाकर अडबाले याच वाटेने आले. चंद्रपूरचे, विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे (थोडक्यात विमाशि) सरकार्यवाह, म्हणजे आपल्या बोलीत विमाशिवाले. २०२३च्या निवडणुकीत समोर होते नागो गाणार, शिक्षक परिषदेचे, दोन टर्मचे आमदार आणि भाजपचा पाठिंबा. नागपुरात भाजपच्या पाठिंब्याचा माणूस पाडणं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.

पण मुद्दा पेन्शनचा झाला ना. १ नोव्हेंबर २००५ला किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, ही ती तारीख. त्यातही सगळ्यात जास्त चिडलेले कोण, तर जे लागले २००५च्या आधी पण शाळेला शंभर टक्के अनुदान मिळालं नंतर, म्हणून तेही बाहेर. नोकरी जुनी, पेन्शन नवी! आणि डिसेंबर २०२२च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस सभागृहात बोलून गेले की जुनी पेन्शन देणार नाही, तिजोरीवर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. पुढे भाषा मऊ झाली, पण स्टाफरूममध्ये जे जायचं ते गेलं होतं.

३० जानेवारी २०२३ला मतदान. इथे ईव्हीएम नसते, कागदाची मतपत्रिका असते, आयोगाने दिलेला जांभळा स्केचपेन आणि नावापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम. अक्षरात 'एक' लिहिलं की मत बाद, टिक मारली तरी बाद, स्वतःचा पेन वापरला तरी बाद. पोरांचे मार्क कापणाऱ्यांचीही काही मतं बाद निघतातच, असो. अडबालेंना महाविकास आघाडीचा पाठिंबा होता, त्यांनी गाणारांपेक्षा जवळपास दुप्पट मतं घेतली आणि पहिल्या पसंतीच्या मतांवरच जिंकायला लागणारा कोटा पार केला.

निवडून आल्यावर काय? एकटा आमदार सरकार हलवू शकत नाही हे खरं, पण तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) लावला, लक्षवेधी (तातडीच्या विषयावरची सूचना) लागली की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते रेकॉर्डवर येतं. मंत्रालयात महिनोन्महिने पडलेली फाइल उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी कशी पटापट फिरते ते बघण्यासारखं असतं. ज्या शाळांना कधीच अनुदान मिळणार नव्हतं त्या 'कायम विनाअनुदानित'मधला 'कायम' २००९ मध्ये निघाला तोही असाच, आत प्रश्न आणि बाहेर मोर्चे करत करत.

पण एक गोष्ट खटकते. २०२५ मध्ये याच नागपुरात बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा बाहेर आला, मान्यता नसलेल्यांचे पगार निघत होते, शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. ज्या ऑफिसच्या पायऱ्या खरे शिक्षक झिजवतात तिथेच हे चाललं होतं. शिक्षक आमदाराला फक्त पगार आणि पेन्शन विचारून भागणार नाही, भरती कशी होते, वर्गात शिकवतं कोण, हेही विचारावं लागेल. पोरांना मत नाही म्हणून त्यांचा प्रश्न मागे पडतो, हे मात्र सगळ्याच शिक्षक आमदारांना लागू आहे, एकट्या अडबालेंना नाही.

टर्म सहा वर्षांची, म्हणजे पुढची निवडणूक २०२९ मध्ये. आणि शिक्षक मंडळींनो, जुन्या यादीत नाव आहे म्हणून बसून राहू नका, इथे यादी दरवेळी नव्याने बनते, १ नोव्हेंबरच्या पात्रता तारखेवर. नाव नोंदवायचा फॉर्म १९ पुन्हा भरा, मुख्याध्यापकांची सही आधीच घेऊन ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत ते सापडत नाहीत.